आतातूसांग सर

सरांना काही विचारायची सोय नव्हती. जे विचारावं ते आपल्यालाच सांगावं लागे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "सर, कॅन्टीन कुठे आहे?" त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाले, "वास कुठून येऊन राहिला?"

मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून नाक वर केलं. जळक्या टोस्टचा वास येत होता.

"डावीकडून, सर."

"मग?"

"मग डावीकडे असेल."

"वा! तुझ्या मागं त्या नवीन बाई उभ्या आहेत, त्यांनाही कॅन्टीन सापडून नाही राहिलं. आता तू सांग." एवढं बोलून ते उजवीकडे निघून गेले. सरांना स्वतःला तरी कॅन्टीन ठाऊक होतं की नाही, याची मला पुढे कितीतरी दिवस शंका होती.

हा कारखाना डब्लिनमध्ये, क्लोनडॉकिनला. गोळ्यांच्या तयार पट्ट्या आमच्याकडे येत आणि आम्ही त्या खोक्यांत भरून औषधांच्या दुकानांकडे रवाना करत असू. सर आमच्या विभागाचे प्रमुख. मूळचे अमरावतीचे, पण पंचवीस वर्षं आयर्लंडात मुरलेले. नाव विश्वनाथ. सगळे त्यांना 'विश' म्हणत, कारण इथे साहेबालाही नावानेच हाक मारायची पद्धत आहे. माझं शिक्षण चिंचवडला झालेलं. तिथे प्रयोगशाळेतल्या शिपायालाही आम्ही सर म्हणायचो, त्यामुळे माझ्या तोंडून 'सर'च निघे. मॉरीन आमच्या पॅकिंगच्या लाइनवर वीस वर्षं होती आणि आम्हा सगळ्यांची आत्या, नर्स आणि फौजदार अशा तिन्ही पदांवर बिनविरोध निवडून आलेली होती. तिने एकदा मला बाजूला घेतलं. "मँडी," ती म्हणाली (मंदार हे नाव तिच्या जिभेवर कधी चढलंच नाही), "विशला राणीने पदवी दिली की काय? सर-बिर इथे चालत नाही, लव्ह. ती इंग्रजांची थेरं हाकलून द्यायला आमची बरीच माणसं खर्ची पडलीत."

घरी मात्र मी त्यांना सर म्हणत नसे. संध्याकाळी ल्यूकनला पोचलो, चहा झाला, की बायकोसमोर, म्हणजे अश्विनीसमोर, त्यांच्या नकलेचा प्रयोग व्हायचा. आमच्या घरात त्यांचं नाव पडलं होतं 'आतातूसांग'.

"आज काय म्हणाला आतातूसांग?"

"रजा मागितली. तर म्हणतो, माझ्या खुर्चीत बस. आता या आठवड्याची माणसं मोज आणि विचार कर, मंदारला सोडता येईल का. आता तू सांग."

"मग?"

"मग काय? नाही दिली मी."

सरांचे हात हा वेगळाच विषय. आमच्या पांढऱ्या कोटाला खिसे नसत. खिसा आला की त्यात काहीबाही राहतं आणि ते औषधाच्या खोक्यात पडतं. पण कोटाला बाजूने एक फट होती. त्या फटीतून हात सारून सर थेट पँटचा खिसा गाठत. यंत्र अडलंय, भोंगा वाजतोय, तांबडा दिवा फिरतोय, आम्ही पळतोय. आणि हे मधोमध, पंगतीत वाढप्यांच्या वाटेत उभ्या राहणाऱ्या नवरीच्या थोरल्या काकांसारखे. वर विचारणार, "पहिला आवाज कुठून आला? तू ऐकलास ना? मग मॉरीनला सांग. बरोबर की चूक ते ती सांगेल." मी त्यांच्या हातात पाना कधी पाहिला नाही. यावरून मी जो निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता: याला काही येत नाही.

त्याला पुरावाही मिळाला. एकदा कॅन्टीनच्या रांगेत सरांच्या पँटच्या पायातून मोटारीची किल्ली खळ्कन जमिनीवर पडली. मी उचलून दिली. "खिसा फाटलाय, सर."

"दर वर्षी फाटतो, बाप्पा. शिवून शिवून बायको थकली."

त्या दिवशी अश्विनीला मी म्हणालो, "ज्याला स्वतःचा खिसा सांभाळता येत नाही, त्याच्या ताब्यात आख्खा विभाग दिलाय."

याउलट मी. मला काम येत होतं, आणि ते फक्त मलाच येत होतं. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची, असं माझं मत. लाइनच्या टोकाला खोकी भरायचं यंत्र होतं. सपाट घडीची खोकी ते रबरी वाट्यांनी ओढून घेई, फुलवी, आत पट्ट्या आणि माहितीचा कागद सरकवी आणि झाकण लावी. आठवडाभर शहाण्यासारखं चाले आणि सोमवारी सकाळी हटकून रुसे. खोकी नीट उघडत नसत, अर्धवट उघडलेल्या तोंडात पट्ट्या चेपत, की लागला तांबडा दिवा. मी त्याचं नाव 'म्हैस' ठेवलं होतं. मी यायचो, दोन स्क्रू पिळायचो, वेग थोडा उतरवायचो, बाजूच्या पत्र्यावर तीन थापा मारायचो. म्हैस पान्हा सोडायची. दुसऱ्याच्या हाताला ती धार देत नसे.

देणार कशी? धार काढायची सगळी विद्या एका वहीत होती आणि वही माझ्या प्रेसमध्ये कुलपात. प्रेस म्हणजे इथलं कपाट. कुठल्या दिवशी कुठला स्क्रू किती, सगळं शुद्ध मराठीत. अवतीभवती आयरिश, पोलिश, ब्राझीलचे लोक. लोकांनी सोनं पुरावं तसं मी माझं ज्ञान देवनागरीत पुरलं होतं. औषधाच्या कारखान्यात अशी खासगी वही ठेवायला सक्त मनाई असते. जे काही करायचं ते छापील कार्यपद्धतीत असायला हवं, सहीनिशी. पण नियम सामान्यांसाठी असतात. शिवाय वहीच्या समासात मी अधूनमधून सहकाऱ्यांविषयी चार शब्द लिहीत असे. सुचायचेच.

मार्च २०२० आला. सगळं डब्लिन घरात बसलं आणि आम्हाला कंपनीने पत्र दिलं: सदर कर्मचारी अत्यावश्यक सेवेत आहे. रस्त्यात गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, गाडी थांबवली की मी काच खाली करून ते पत्र असं काही दाखवायचो की जणू साथीची लस माझ्याच डिकीत आहे. पत्राचा फोटो चिंचवडच्या फॅमिली ग्रुपवर गेला. 'आमचा मंदार अत्यावश्यक,' असं काकांनी लिहिलं. काय सांगू, तो शब्द माझ्या डोक्यात गेला तो उतरेना.

त्याच सुमाराला मॉरीनने मला विचारलं होतं. माणसं कमी, अंतर राखायचं, यंत्राजवळ एकच जण उभा राहणार. कधी ती, कधी मी. "मँडी, तू तिला नक्की काय करतोस? मला दाखवून ठेव."

"ते सांगता येत नाही, मॉरीन," मी म्हणालो. "फील असतो. हाताला कळतं."

"ग्रँड," ती म्हणाली. आयरिश माणूस ग्रँड कधी म्हणतो हे तोवर मला कळायला हवं होतं. काहीच ग्रँड नसतं तेव्हा म्हणतो.

उन्हाळ्यात कंपनीने नेतृत्वगुणांचा ऑनलाइन कोर्स ठेवला. 'तुमच्यातला नेता जागा करा.' मी कॅमेरा बंद ठेवून पोहे परतत तो पूर्ण केला. प्रमाणपत्र आलं. ते मी इंटरनेटवर लावलं आणि खाली लिहिलं, 'ज्ञान वाटल्याने वाढतं.' एकशेचार लोकांना ते आवडलं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी प्रेसचं कुलूप बदललं, जुनं जरा ढिलं झालं होतं.

ऑक्टोबरात सरांनी बोलावलं. नव्या वर्षात शिफ्टला लीड, म्हणजे पाळीचा म्होरक्या, नेमायचा होता. या जागेसाठी मी दोन वर्षं झुरत होतो. घरात मी स्वतःला लीड म्हणायला सुरुवातही केली होती.

"तुलाच काहून करावं?" सरांनी विचारलं. मास्कवर नुसत्या भिवया दिसत होत्या. त्यांच्या भिवयाही प्रश्नार्थकच असत.

"माझ्यावाचून मशीन हलत नाही, सर."

त्यांनी हात खिशात आणखी खोल घातले. मग म्हणाले, "माझी एकच परीक्षा असते. दोन आठवडे रजेवर जा. मागं काय होते, पाहू."

इतकी सोपी परीक्षा माझ्या आयुष्यात आली नव्हती. गैरहजर राहायचं आणि पास व्हायचं. घरी येऊन मी अश्विनीला समजावून सांगितलं, "मी गेलो की सोमवारी लाइन ठप्प. मंगळवारी हाहाकार. बुधवारी मी लीड."

ती म्हणाली, "मंदार, मला वाटतं तू प्रश्न उलटा वाचलायस."

"तुला फॅक्टरीतलं कळत नाही."

रजा टाकायची वेळच आली नाही. जानेवारीत अश्विनीची तपासणी पॉझिटिव्ह आली. तिचा ताप दोन दिवसांत उतरला, म्हणून आज हे हसत लिहितोय. ती वरच्या खोलीत, मी खाली स्वयंपाकघरात, चौदा दिवस बाहेर पडायचं नाही. चौदा दिवस! सरांची परीक्षा सरकारी खर्चाने.

पहिल्याच सोमवारी सव्वानऊला व्हिडिओ कॉल आला. मी तयारच होतो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. पडद्यावर सर, त्यांच्यामागे दोन-दोन मीटरवर मॉरीन आणि बाकी चौघं. तांबडा दिवा फिरताना दिसला आणि मला अगदी भरून आलं.

"मंदार, वही कुठं आहे?"

"कुठली वही, सर?"

"म्हशीची."

"तुम्हाला कसं..."

"दोन वर्षं पत्र्यावर थापा मारून 'चल गं म्हशी' म्हणून राहिला तू. मराठी येते मला, बाप्पा."

कुलूप तोडावं लागलं. मी उन्हाळ्यात बदललेलं, चांगलं मजबूत. सरांनी खिशातून हात काढले, चष्मा लावला, वही उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत भाषांतर करत वाचायला लागले. शाळेत प्रार्थनेनंतर बातम्या वाचतात तसे.

"सोमवार. म्हैस रुसली. वेग दहाने खाली. वाट्यांना एक आटा जास्त. तीन थापा." पोरं खूश झाली. सरांनी पान उलटलं. "आतातूसांग तासभर डोकं खाऊन गेला. याला स्क्रूड्रायव्हर कुठून धरायचा ते ठाऊक नाही आणि हा मला शिकवतो." मग चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहून खुलासा केला, "आतातूसांग म्हणजे मी." एकच हशा झाला. मला वाटलं, टेबलाखाली जावं. पण कॅमेरा चालू होता. आणि सरांनी पुढची ओळ वाचली, त्याच आवाजात. "मॉरीन विचारत होती. सांगायचं नाही. तिला सांगितलं की सगळ्या क्लोनडॉकिनला येईल."

हशा थांबला. मॉरीन फोनच्या जवळ आली. "पहिल्या दिवशी तू केसांची जाळी उलटी घातली होतीस, ती कोणी सरळ करून दिली, मँडी?"

"तू."

"टेपचं रीळ बदलायला? खोक्यावरची तारीख तपासायला?"

"तूच, मॉरीन."

"ते मी कुठल्या कपाटात ठेवलं होतं?"

वहीत इतकं लिहिलं होतं, पण याचं उत्तर नव्हतं. सरांनी वही मिटली, हात पुन्हा खिशात घातले. "मला वही वाचून कळलं," ते म्हणाले, "पण यांना कळलं नाही. आता तू सांग."

मी सांगायला लागलो, आणि माझी खरी फजिती इथून सुरू झाली.

"वाट्यांचा स्क्रू एक आटा पीळ."

"का?" मॉरीन म्हणाली.

"कारण ती सोमवारी रुसते."

"सोमवारी मीही रुसते, लव्ह. पण मला कारण असतं."

"आणि मग पत्र्यावर तीन थापा मार."

"तीनच का?"

मी आठवून पाहिलं. पहिल्यांदा मी त्या पत्र्यावर थापा मारल्या होत्या त्या रागाने. योगायोगाने यंत्र चाललं. तेव्हापासून दर सोमवारी मी तेच करत होतो. दोन वर्षं मी ज्याला कौशल्य समजत होतो ती पूजा होती. फक्त नारळ फोडायचा राहिला होता. मी केविलवाणा होऊन सरांकडे पाहिलं. ते पडद्याच्या कोपऱ्यात खांदे आवळून गप्प उभे होते. कोटाच्या आत, खिशापाशी, काहीतरी हलत होतं. मला वाटलं, थंडी वाजतेय.

मॉरीनने मात्र 'का' सोडला नाही. तिने गठ्ठ्यातलं एक खोकं उचलून वाकवलं. मग आतल्या गोदामातून दुसरं आणून तेही वाकवलं. पहिलं बिनआवाज वाकलं, दुसरं कट्कन वाजलं. "हे मऊ आहे," ती म्हणाली. मग चालत माल उतरवायच्या दरवाजापाशी गेली आणि तिथूनच ओरडली, "येशू, मरिया! या दाराची रबरी पट्टी फाटलीय! शुक्रवारी खोकी इथे आणून ठेवतात आणि शनिवार-रविवार सगळी ओल पितात!"

खोकी सादळली होती. बाकी काही नाही. माझ्या आईचा निम्मा जन्म पापडाच्या डब्याचं झाकण घट्ट लावण्यात गेला. त्या आईच्या पोटी येऊन, वर इंजिनिअर होऊन, तेही आयर्लंडसारख्या ओलसर देशात राहून, मला सादळलेला पुठ्ठा ओळखता आला नाही. आतली कोरडी खोकी लावल्याबरोबर यंत्र सुरू झालं. ना आटा, ना थाप. म्हैस त्या सोमवारी मेली. उरलं ते साधं यंत्र, कुणाच्याही हाताला धार देणारं.

चौदा दिवसांनी मी परत गेलो तेव्हा कुणी वळूनही पाहिलं नाही. सगळे आपापल्या कामात होते. तोवर मॉरीनने आणखी तिघांना यंत्र शिकवलं होतं आणि सगळं छापील कार्यपद्धतीत आलं होतं, कारणांसकट. माझ्या नावावर लेखी समज आली. वही मला माझ्याच हाताने कागद कातरायच्या यंत्रात घालावी लागली; समासांसकट. आणि लीडच्या जागेवर मॉरीनचं नाव लागलं.

मी सरांना गाठलं. "सर, मी इंजिनिअर आहे."

"आहेस ना. तिनं दोन आठवड्यांत तिघांना तयार केलं. तू दोन वर्षांत किती?"

मी बोटं मोजायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

"आता तू सांग."

"शून्य."

"लोकांना अडवून मोठा होतो तो टोलनाका, मंदार. माणूस नाही."

हे ऐकून मी सुधारलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी दोन महिने फुगून बसलो. घरी नक्कल चालूच होती. फक्त अश्विनी हसायची बंद झाली होती.

जुलैत सर निवृत्त झाले. गॉलवेला मुलीकडे राहायला जाणार होते. निरोप गाडीतळावर, अंतर राखून, सुपरमार्केटच्या केकवर. मॉरीनने भाषण केलं, "पंचवीस वर्षांत विशने इथे काय केलं, असं मला विचाराल, तर काहीही नाही. सगळं आम्हीच केलं." सगळे हसले. सरांचा चेहरा मात्र असा फुलला की राणीने खरंच पदवी दिली असावी.

मी हळूच मॉरीनला विचारलं, "त्यांना मशीन खरंच येत नव्हतं का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. अशी नजर तिने सोमवारच्या सादळलेल्या खोक्यांसाठी राखून ठेवलेली होती. "ते मशीन आलं तेव्हा तीन आठवडे तो त्याच्या पोटात होता, मँडी. एकेक नट त्याने बसवलाय."

"मग त्या सोमवारी..."

"त्या सोमवारी तुला फोन लावण्याआधीच त्याने पहिलं खोकं हातात घेऊन ओळखलं होतं. कोटाच्या आत मुठी कशा चालल्या होत्या, पाहिल्या नाहीस?"

पाहिल्या होत्या. थंडी समजलो होतो. मी केकची ताटली खाली ठेवून सरांकडे गेलो. "सर, दोन मिनिटांचं काम होतं. काहून नाही केलं?"

माझ्या तोंडून 'काहून' ऐकून ते हसले. "मी केलं असतं तर तुम्ही पाहत बसले असते. हात बाहेर आला की तो काम करते, बाप्पा. म्हणून कोंडून ठेवतो." मग जणू घरातलं गुपित सांगावं तसे म्हणाले, "फार ओढतात पण. बाहेर यायला."

ते गेले. पुढच्या सोमवारी लाइन वेळेवर सुरू झाली, मंगळवारीही. कुणालाही फोन करून त्यांना काही विचारावं लागलं नाही. पंचवीस वर्षं राबलेला माणूस जातो आणि एक खोकंसुद्धा अडत नाही, याचा मला त्यांच्या वतीने रागच आला. नंतर लक्षात आलं की त्यांची परीक्षा ते स्वतःच देऊन गेले होते.

सप्टेंबरात ब्राझीलहून आलेला एक नवा माणूस मॉरीनने माझ्या गळ्यात मारला. "शिकव त्याला, मँडी. आणि फील-बिल काही सांगू नकोस." आता रोज मी त्याच्याशेजारी उभा असतो. चार मिनिटांच्या कामाला तो चाळीस मिनिटं लावतो. पाना उलटा धरतो. स्क्रू डोळ्यांसमोर असताना भलतीकडे शोधतो. मी विचारतो, "पहिला आवाज कुठून आला?" परवा तो मॉरीनला माझ्यादेखत म्हणाला, "याला स्वतःला मशीन येतं का?" ती म्हणाली, "कुणास ठाऊक. अजून तरी कुणी पाहिलेलं नाही."

त्याच आठवड्यात कपडे धुवायला टाकताना अश्विनीने माझी पँट उलटी करून माझ्यासमोर धरली. "अरे, दोन्ही खिसे आतून फाटलेत. कोंबतोस तरी काय यात?"

"हात," मी म्हणालो.